हेम्प, सीबीडी आणि विजया: नाशिकमध्ये काय कायद्यात बसतं ते कसं तपासायचं

‘हेम्प’ (भांग-गांजाचंच झाड) लिहिलेल्या तीन तऱ्हेच्या वस्तू नाशिककरांच्या हाती येतात. एक, हेल्थ फूडच्या फळीवरचं सोललेलं बी किंवा बियांचं तेल. दोन, ऑनलाइन मागवलेलं ‘विजया’ (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) अर्काचं आयुर्वेदिक तेल किंवा गोळ्या. तीन, अमेरिकेतल्या भाच्याने नाहीतर मित्राने आणलेल्या सीबीडीच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या. तिन्हींच्या वेष्टनावर हिरवा रंग आणि ‘शंभर टक्के कायदेशीर’ असा शेरा असतो. कायद्याच्या लेखी मात्र पहिली वस्तू अन्न, दुसरी औषध, आणि तिसरी बहुतेक वेळा अंमली पदार्थाचा मुद्देमाल ठरू शकते.

तपासताना लोक ‘यात सीबीडी आहे की टीएचसी’ इथून सुरुवात करतात. दोन्ही याच झाडातली रसायनं; नशा येते ती टीएचसीने. भारतात तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की हा माल झाडाच्या कोणत्या भागातून काढला, आणि त्याला कोणाचा परवाना आहे.

झाडाचे भाग आणि कायदा

गुंगीकारक औषधे आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५, म्हणजे सगळे ज्याला एनडीपीएस म्हणतात, त्याचं कलम २(iii) स्वतः वाचावं. दहा ओळींचं आहे आणि बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात. त्यात ‘कॅनॅबिस’ म्हणजे तीन गोष्टी. चरस: झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली, हॅशिश तेलही यातच. गांजा: झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे; शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं यातून वगळलेली. आणि या दोहोंपैकी कशाचंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय.

म्हणजे नुसती बी आणि नुसतं पान या व्याख्येबाहेर राहतात. खोडाचा धागाही बाहेर, म्हणून हेम्पच्या कापडाचा शर्ट घालून फिरायला हरकत नाही. पण वगळणूक लिहिली आहे ती गांजाच्या व्याख्येत. चरसाच्या व्याख्येत ‘झाडापासून’ एवढंच म्हटलंय, फुलापासून असं नाही. पानातून अल्कोहोल किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून गडद, चिकट अर्क काढला, तर ‘ही वेगळी केलेली राळच आहे’ असा युक्तिवाद सरकारी पक्षाला मोकळा राहतो. ‘आमचा अर्क पानाचा आहे, त्यामुळे एनडीपीएस लागूच होत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्याने एवढ्या खोलात वाचलेलं नसतं.

पान आणि बी वेगळी असल्याचा फायदा न्यायालयात मिळतो, पण उशिरा मिळतो. जप्त मालात शेंडे आणि पानं-बिया एकत्र तोलल्या होत्या, या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन दिला आहे. 

सीबीडीचं नाव यादीत नाही, मग?

एनडीपीएसच्या शेवटी मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांची अनुसूची आहे. टीएचसी तिच्यात आहे, आणि त्याचे आयसोमर (त्याच रेणूची वेगळी रूपं) सुद्धा आहेत. त्यामुळे ‘डेल्टा-८ वेगळं, डेल्टा-९ वेगळं’ ही अमेरिकन दुकानदारांची पळवाट इथे उपयोगाची नाही. सीबीडीचं नाव अनुसूचीत नाही. पण फुलोऱ्यातून काढलेल्या सीबीडी तेलाला ते नाव वाचवत नाही, कारण मूळ मालच गांजा आहे आणि त्याचा अर्क कॅनॅबिसच्या व्याख्येत येतो. ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिलेल्या बाटलीत तर टीएचसीचा अंश असतोच. त्या शब्दाचा अर्थच तो आहे.

एचएचसी नावाचा नवा पदार्थ गमी आणि व्हेपमध्ये येतो. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने तोही मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरच्या १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत घातला. त्याच्या वाटेला जाऊ नये.

व्हेपबद्दल वेगळं डोकं लावायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदी कायदा २०१९ च्या व्याख्येत निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढायची वाफ करणारं उपकरण आलं. सीबीडीचं व्हेप विकलं तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत काय भरलंय हा प्रश्न त्यानंतरचा.

०.३ टक्क्यांचा घोळ

सगळ्यात जास्त फसवणूक या आकड्यावर होते. ०.३ टक्के ही मर्यादा अमेरिकेच्या २०१८ च्या फार्म बिलातली: वाळलेल्या मालात डेल्टा-९ टीएचसी एवढंच असेल तर ते ‘हेम्प’. उत्तराखंडानेही औद्योगिक लागवडीचे परवाने देताना हाच आकडा धरला. एनडीपीएसमध्ये अशी कोणतीही टक्केवारी नाही. ‘कॅनॅबिस झाड’ म्हणजे त्या प्रजातीचं कोणतंही झाड, टीएचसी कितीही कमी असो. अमेरिकेनेही नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याने व्याख्या आवळली आहे: एकूण टीएचसी मोजायचं, आणि तयार मालाच्या एका डबीत ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. अंमलासाठी वर्षाची मुदत ठेवली. तेव्हा ‘अमेरिकेत चालतं’ हे तिथेही कायमचं उत्तर नाही.

आता हिशेब. ०.३ टक्के म्हणजे किलोमागे ३,००० मिलिग्रॅम. भारतात हेम्प बियांच्या तेलाला अन्न म्हणून मान्य मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. परदेशी प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘०.३ टक्क्यांच्या आत, पास’ असं लिहून आलेला माल आपल्याकडच्या मर्यादेच्या तीनशेपट असू शकतो. प्रमाणपत्र वाचताना आधी एकक बघा, मग आकडा.

दुसरी चलाखी टीएचसीए वेगळं दाखवण्याची असते. कच्च्या मालात टीएचसी मुख्यतः आम्लरूपात (टीएचसीए) असतं, तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन टीएचसी उरतं. म्हणून एकूण टीएचसी = टीएचसी + (०.८७७ × टीएचसीए). फक्त पहिला आकडा छापलेलं प्रमाणपत्र अर्धवट आहे.

अन्न म्हणून घेत असाल तर

एफएसएसएआयने (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. एकूण टीएचसी बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत, तेलात १०, बियांच्या पेयात ०.२. सीबीडी कोणत्याही अन्नात किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत. बी उगवणारं नसावं. नशा किंवा मनावर परिणाम सुचवणारा मजकूर लेबलवर चालत नाही.

यातल्या ७५ च्या आकड्याने दुकानात उभ्या उभ्या निकाल लावता येतो. तीस मिलिलिटर तेलाचं वजन साधारण २७-२८ ग्रॅम. किलोमागे ७५ धरले तर त्या बाटलीत जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम सीबीडी मावतं. बाटलीवर ‘सीबीडी १००० मिग्रॅ’ आणि खाली एफएसएसएआयचा चौदा अंकी नंबर असेल, तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे. परत फळीवर ठेवा. चौदा अंकी नंबर फॉसकॉस या एफएसएसएआयच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत जुळवून पाहता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

बियांची चटणी करा, लाडवात घाला, कोशिंबिरीवर भुरभुरा. यात काही अडचण नाही. पण उगवतंय का म्हणून कुंडीत पेरू नका. रोप वर आलं की ती ‘लागवड’ होते, आणि लागवडीला कलम २०(अ) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तिथे ‘थोडं प्रमाण’ नावाची सवलत नाही.

विजया: औषध म्हणून

दुखणं, झोप, केमोनंतरची मळमळ यांसाठी लोक घेतात ते हे. आयुर्वेदात भांग नवी नाही. जातीफलादी चूर्णात ती पिढ्यानपिढ्या आहे आणि ते चूर्ण नाशिकच्या आयुर्वेदिक दुकानांतून वर्षानुवर्षं विकलं जातं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांग विषारी द्रव्यांच्या यादीत, बचनाग-धोतऱ्याच्या पंक्तीला बसवली आहे. त्यामुळे बाटली हाती आली की या क्रमाने पाहावं.

आधी उत्पादन परवान्याचा नंबर. आयुर्वेदिक औषधाचा परवाना नमुना २५-डी मध्ये मिळतो, दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतलं तर लोन लायसन्स २५-ई. नंबरच नसेल किंवा फक्त ‘जीएमपी’, ‘आयएसओ’ असे शिक्के असतील तर ते औषध नाही. मग ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, बॅच नंबर, तारखा, उत्पादकाचा पत्ता. मग ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना. ई(१) मधलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल तर नियम १६१ प्रमाणे ती इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत हवी. शेवटी घटकांची यादी, प्रमाणासह. तिथे ‘विजया पत्र’ आहे की मोघम ‘हेम्प एक्स्ट्रॅक्ट’, हे बघा. मोघम असेल तर कंपनीला लेखी विचारा. ज्यांचं घर स्वच्छ असतं ते दोन दिवसांत बॅचचं प्रमाणपत्र पाठवतात. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, आणि त्यावरचा बॅच नंबर तुमच्या बाटलीवरचाच. दुसऱ्याच बॅचचा कागद दाखवणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे.

चिठ्ठी नोंदणीकृत वैद्याची घ्या, बीएएमएस झालेल्या आणि महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक छापणाऱ्या. वेबसाइटवर तीन प्रश्नांची उत्तरं देऊन आपोआप बाहेर पडणारी चिठ्ठी पोलीस ठाण्यात फार वजनदार ठरत नाही. चिठ्ठी, बिल आणि मूळ खोका एकत्र ठेवा. प्रवासात बाटली दुसऱ्या डबीत ओतू नका. कारण एनडीपीएसचं कलम ५४: ताब्यात सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर गुन्हा गृहीत धरता येतो. खुलासा म्हणजे हे तीन कागद.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. आयुर्वेदिक परवाना असला म्हणून एनडीपीएस बाजूला होत नाही. कलम ८० म्हणतं की हा कायदा औषध कायद्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. दोन्ही पाळायचे असतात. आणि ज्यांच्या नोकरीत लघवीची तपासणी होते, त्यांनी अर्कापासून लांबच राहावं. यंत्र परवाना वाचत नाही.

वजन कशाचं धरतात

‘बाटलीत अंमली भाग चिमूटभर आहे’ हा बचाव २०२० नंतर संपला. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मिश्रणातल्या निरुपद्रवी पदार्थाचंही वजन धरायचं. म्हणजे गमीतली साखर आणि तेलातलं खोबरेल, सगळं तराजूत.

मर्यादा २००१ च्या अधिसूचनेतल्या आहेत. गांजा: एक किलोपेक्षा कमी अल्प, २० किलोपेक्षा जास्त व्यापारी प्रमाण. चरस आणि कॅनॅबिसचे अर्क: १०० ग्रॅम आणि एक किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारीला किमान दहा, कमाल वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड.

आता विनापरवाना सीबीडी तेलाच्या बाटल्या अर्क म्हणून धरल्या गेल्या असं समजा. तीस मिलिलिटरच्या चार बाटल्या म्हणजे साधारण ११० ग्रॅम, अल्प प्रमाण ओलांडलं. सदतीस बाटल्या म्हणजे किलोच्या वर, व्यापारी प्रमाण. एका खोक्यात चाळीस बाटल्या सहज मावतात. व्यापारी प्रमाण झालं की कलम ३७ येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. ‘मी फक्त रीसेलर आहे’ म्हणून घरात खोका उतरवून घेणाऱ्या तरुणांनी हा गुणाकार आधी करावा.

भांग: इतर राज्यांसारखी नाही

वाराणसी-उज्जैनला सरकारी परवान्याची भांगेची दुकानं असतात, राजस्थानातही. पान एनडीपीएसच्या व्याख्येबाहेर असल्यामुळे तो विषय राज्यांकडे आहे. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली येतो आणि परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, सेवन करणं मना आहे. अंमल राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस यांच्याकडे. महाशिवरात्रीला त्र्यंबकला जाताना किंवा सिंहस्थाच्या गर्दीत कुणी ‘प्रसाद’ म्हणून गोळी पुढे केली तर ती तिथेच नाकारावी. साधूच्या हातून आली म्हणून तिला सूट नाही. पानटपरीवर चॉकलेटसारख्या कागदात मिळणाऱ्या गोळ्यांवर कधी आयुर्वेदिक परवान्याचा नंबर असतो, कधी नुसताच छापलेला असतो. वैद्याच्या चिठ्ठीविना, पानाच्या जोडीला विकलेली गोळी औषध म्हणून घेतली असं कोणीही मान्य करणार नाही.

शेतकऱ्यांसाठी

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांना आणि सिन्नरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना ‘हेम्प लावा, कंपनी उचलेल’ असे प्रस्ताव येतात. कलम १० आणि १४ खाली सरकार धागा किंवा बियांसाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं, पण ती आदेशाने, आणि त्या राज्यापुरती. उत्तराखंडने २०१८ मध्ये दिलेला परवाना सिन्नरच्या बांधावर चालत नाही. कंपनीचा करार, बियाण्याचं बिल, कृषी विद्यापीठाचं कौतुकपत्र यांपैकी काहीही परवानगी नाही. गट नंबर, क्षेत्र, वाण आणि मुदत लिहिलेला, तुमच्या नावाचा महाराष्ट्र शासनाचा आदेश हातात येईपर्यंत आगाऊ रक्कमही देऊ नका. पैसे बियाण्याचे घेतात, आणि खटला सातबारावरच्या नावावर होतो.

आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावलेलं दिसलं तर कलम ४६ प्रमाणे ताबडतोब कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून टाळलं तर तोही गुन्हा. कलम ४७ प्रमाणे हीच जबाबदारी सरपंच आणि गावच्या अधिकाऱ्यांवर आहे. मक्यात किंवा उसात मधोमध लावलेली झाडं खंडाने दिलेल्या रानात सापडतात, तेव्हा खंडाचा करार लेखी असलेला बरा.

हिरवळीच्या खताचा ताग इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणून विकतात, आणि अंबाडीच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनॅबिनस’ आहे. दोन्हींचा या कायद्याशी काडीचा संबंध नाही, खुशाल लावा.

दुकानदाराची फाइल आणि झडती

आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून अनेक जण विजयाची उत्पादनं च्यवनप्राशाशेजारी मांडतात. तसं करू नये. प्रत्येक उत्पादनाची एक फाइल ठेवा: २५-डी ची प्रत आणि त्या उत्पादनाची मंजुरी, बॅच नंबर असलेलं खरेदी बिल, त्या बॅचचं प्रमाणपत्र, आणि ज्या ग्राहकाला दिलं त्याच्या चिठ्ठीची प्रत तारखेसह. सुटं तेल किंवा लेबल फाटलेली बाटली ठेवायची नाही. ‘कर्करोग बरा होतो’ छाप पाट्या काढून टाका. त्या जाहिरातींवर १९५४ चा जादूई उपचार कायदा आहे. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी ‘चालेल हो’ कामाला येत नाही.

झडती आली तर वाद घालू नका, फाइल पुढे करा आणि ती दाखवल्याची नोंद पंचनाम्यात घ्यायला सांगा. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या असं म्हणण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे, आणि तो हक्क आहे हे तुम्हाला सांगणं अधिकाऱ्याचं काम आहे. हे फक्त अंगझडतीला लागू. पिशवीला किंवा कपाटाला नाही. वजन कसं केलं ते नीट बघा: बाटलीसकट की नुसतं तेल, गमी वेष्टनासह की सोडून. पानं, बिया आणि शेंडे एकाच गोणीत असतील तर वेगळे करून तोलायचा आग्रह धरा आणि नकार मिळाला तर तेही लिहून घ्या. नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला वेळ लागतो. तोवर पंचनाम्यात लिहिलेलं वर्णनच जामिनाच्या अर्जात वापरलं जातं. ‘गांजासदृश’, ‘चरससदृश’ असे शब्द असतील तर सही करण्याआधी लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवायला सांगा.

परदेशातून येणारं पार्सल

तिथल्या दुकानात खुलं विकत घेतलेलं असलं तरी भारतात उतरवलं की ती आयात होते आणि कलम २३ लागतं. कुरिअरवर ‘व्हिटॅमिन’ लिहून पाठवलेल्या गमी सीमाशुल्काच्या हाती लागल्या तर पाठवणारा परदेशात असतो आणि पत्ता तुमचा असतो. पाठवू नको म्हणून आधीच लेखी कळवा. तो निरोप फोनमध्ये जपून ठेवा. येणाऱ्या पाहुण्यालाही विमानात बसण्याआधी सांगा, विशेषतः दुबईमार्गे येत असेल तर, कारण तिथले नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. रोजचं औषध म्हणून कुणाला सीबीडी लागतच असेल, तर इथे आल्यावर वैद्याकडून परवानाधारक औषध लिहून घ्यावं आणि तिकडची बाटली तिकडेच ठेवून यावी.